पायमोज्यांतील गुप्तदान

दान करणें फारसें कठीण नाहीं. दान करून दिसेनासें होणें कठीण आहे. आपल्याकडील देवळांत, धर्मशाळांत आणि नदीच्या घाटांवर हिंडणाऱ्या माणसाला याची साक्ष पावलोपावलीं पटते. पायरीवर नांव, बांकावर नांव, भिंतीवरच्या घड्याळावर नांव, आणि सभामंडपाच्या छताला टांगलेल्या पंख्याच्या पात्यांवरही नांव! पंखा फिरूं लागला म्हणजे तें वाचतां येत नाहीं, एवढीच काय ती दात्याची विरक्ति. यांत दात्याला हंसण्यासारखें फार आहे असें नाहीं. आपण दिलें हें कोणींतरी पाहावें ही इच्छा माणसाच्या स्वभावांत खोल रुजलेली आहे. आणि म्हणूनच तिच्यावर मात करणाऱ्या दानाला सर्व धर्मांनीं वरची पायरी दिली आहे. दान बोलून दाखविल्यानें क्षय पावतें, असें मनुस्मृतीचा चवथा अध्याय सांगतो. उजव्या हाताचें देणें डाव्या हाताला कळूं नये, हा ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाचा उपदेश तर सर्वश्रुतच आहे. आपल्या जुन्या घरांतून लाडवाच्या पोटांत नाणें दडवून तो लाडू दान देण्याची चाल होती. तिला लोक गुप्तदान म्हणत. घेणाऱ्याच्या हातांत लाडू पडे, नाणें त्याला मागाहून सांपडे. आणि तें सांपडेपर्यंत देणारा दूर गेलेला असे.

या गुप्तदानाचें एक घरगुती व बालिश रूप म्हणजे नाताळचा पायमोजा. ‘बालिश’ हा शब्द येथें निंदेनें योजिलेला नाहीं. चोवीस डिसेंबरच्या रात्रीं मुलानें आपला मोजा टांगावा, झोपीं जावें, आणि सकाळीं उठून पाहावें तों तो रिकामा मोजा खाऊनें व चिमुकल्या वस्तूंनीं टम्म फुगलेला असावा, एवढाच हा खेळ आहे. परंतु या खेळांत नीतिशास्त्रांतले तीन-चार जुने प्रश्न दडून बसले आहेत. आणि आजकाल ख्रिस्ती घरांप्रमाणेंच ज्या घरांत गणपतीची आरास व दिवाळीचा आकाशकंदील होतो अशाही पुष्कळ घरांतून हा मोजा टांगला जात असल्यामुळें, त्या प्रश्नांकडे एकदां नीट पाहिलें पाहिजे.

प्रथम या चालीचें मूळ पाहूं. चवथ्या शतकांत आशियामायनरमधील मायरा नगरांत निकोलस नांवाचा बिशप होऊन गेला; तें ठिकाण आज तुर्कस्थानांत डेमरे या नांवानें ओळखलें जातें. त्याच्याविषयीं जी आख्यायिका युरोपभर पसरली ती मराठी वाचकाला समजावून सांगण्याची मुळींच गरज पडूं नये. एका दरिद्री गृहस्थाला तीन उपवर मुली होत्या आणि हुंड्याला पैसा नव्हता. निकोलसनें एके रात्रीं त्या घराच्या खिडकींतून सोन्याची थैली आंत टाकली. थोरलीचें लग्न झालें. पुन्हां एके रात्रीं दुसरी थैली पडली. तिसऱ्या वेळीं बाप जागत बसला आणि त्यानें दात्याला गांठलें. तेव्हां, मी जिवंत आहें तोंपर्यंत हें कोणाला सांगूं नकोस, एवढेंच निकोलसनें त्याच्याकडून कबूल करून घेतलें. यांतली एक थैली वाळत घातलेल्या मोज्यांत पडली, असें या कथेचें एक रूप सांगतें. आणि मोजा टांगण्याच्या चालीचा उगम तेथें लावला जातो. ही हकीकत आख्यायिकाच आहे, इतिहास नव्हे. तरी तिच्यांतली एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या मोज्यांत आज चॉकलेटें पडतात त्या मोज्यांत कथेप्रमाणें प्रथम पडली ती एका मुलीची अब्रू. निकोलसनें आपलें नांव लपविलें तें विनयासाठीं असेल. पण त्याहून अधिक, त्या बापाची मान खालीं जाऊं नये म्हणून लपविलें. गुप्ततेचा पहिला हेतु दात्याचें पुण्य वाढविणें हा नसून घेणाऱ्याची लाज राखणें हा आहे.

पुढें या संताच्या सहा डिसेंबरच्या सणाला हॉलंडमधलीं मुलें आपले जोडे मांडून ठेवूं लागलीं. आणि समुद्रापलीकडे अमेरिकेंत हा संत नाताळचा पाहुणा झाला. त्या देशांतील ट्रॉय गांवच्या एका वृत्तपत्रांत २३ डिसेंबर १८२३ रोजीं जें बालगीत छापलें गेलें, त्यानें धुराड्यापाशीं टांगलेले मोजे आणि ते भरणारा म्हातारा यांचें चित्र जगभर नेलें. मौज अशी कीं, गुप्त दात्याचें हें गीतही प्रथम निनांवीच छापलें होतें. क्लेमेंट मूर यांनीं तें १८४४ सालीं आपल्या संग्रहांत घातलें. निनांवी राहणें कवींनाही फार दिवस साधत नाहीं!

नाशिकच्या घरांना धुराडीं नाहींत. परंतु डिसेंबरांतली थंडी मात्र आहे. निफाडकडे पारा कधीं कधीं ५ अंशांच्या खालीं उतरतो आणि द्राक्षांच्या बागांतून रात्रीं शेकोट्या पेटवाव्या लागतात. तेव्हां लोकरीचा मोजा ही वस्तु येथें अगदींच परकी म्हणतां येणार नाहीं. आणि नाताळही येथें काल आलेला नाहीं. १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनीं नाशिकशेजारीं शरणपूर वसविलें. ‘शरण आलेल्यांचें पूर’ हें नांव तेथें अक्षरशः खरें झालें. कारण अरबी समुद्रांत गुलामांच्या गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें येथें आणून वाढविलीं गेलीं. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८७३ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत वारले, तेव्हां त्यांचें शव शेंकडों कोस वाहून समुद्रकिनाऱ्यास पोंचविणाऱ्या मंडळींत येथें शिकलेले तरुण होते; आणि त्यांपैकीं जेकब वेनराइट १८७४ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्यांच्या अंत्यविधीस हजर होता. शरणपूर रोडवरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीं फार थोड्यांना आज हें आठवत असेल.

याच नाशिक परिसराचा दुसरा वारसा म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचें माहेर नाशिकजवळचें जलालपूर. आणि १९३६ सालीं त्यांनीं देह ठेवला तोही नाशिकासच. त्यांचे पति रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण धर्म बदलला म्हणून माणसानें आपली भाषा, आपलें कीर्तन आणि आपला अभंग कां टाकावा, हा त्यांचा जन्मभराचा प्रश्न होता. परकी वस्तु घ्यावी कीं न घ्यावी हा खरा वाद नसून ती आपल्या हातानें आपल्या मापाची करून घेतां येते कीं नाहीं हा खरा वाद आहे, हें टिळकांच्या उदाहरणावरून शिकतां येतें. मराठी ख्रिस्ती घरांतून नाताळांत करंज्या आणि चकल्या तळल्या जातात, त्या याच न्यायानें.

पायमोज्यालाही हा न्याय लावून पाहावा. नाताळ जवळ आला म्हणजे दुकानांतून लाल कापडाचे, पांढऱ्या झालरीचे तयार मोजे लटकूं लागतात. ते देखणे असतात, स्वस्तही असतात. परंतु ज्या घरांत मोजा हातानें होतो तेथें एक निराळीच क्रिया घडते. जुन्या शालीचा किंवा विटलेल्या साडीचा चांगला राहिलेला भाग काढावा, मुलाच्या पावलाचें माप कागदावर घेऊन तें दुपटीनें वाढवावें, दोन पाखे कापून आंत मऊ अस्तर घालावें, कडेनें धांवदोरा आणि त्यावर पक्की टीप मारावी, तोंडाशीं कांठ दुमडून टांगायला नाडी लावावी. विणायचा असेल तर सुलट-उलट टांक्यांनीं वरचा पट्टा करावा. आणि टांचेपाशीं आल्यावर टांके मोजून वळण घ्यावें, कारण मोज्याची सगळी परीक्षा टांचेंत असते. मग भरतांना तळाशीं एखादें संत्रें, त्यावर मूठभर शेंगदाणे व बेदाणे, कागदांत गुंडाळलेली एक करंजी, एक भोवरा, रंगीत पेन्सिलींचे दोन तुकडे, मुलीसाठीं सागरगोटे अथवा रिबीन, आणि वर तोंडाशीं एखादें लहानसें पुस्तक. रुपयांत मोजूं गेल्यास हें सारें फार थोडें भरेल. परंतु पैशानें विकत घेतलेल्या वस्तूंत देणाऱ्याची मिळकत असते. हातानें केलेल्या वस्तूंत त्याचें आयुष्य असतें, मग तें चार संध्याकाळींचें कां असेना. मिळकत पुन्हां मिळवितां येते. संध्याकाळ परत येत नाहीं. आपल्याकडे बाळंतविड्यांत कुंची, टोपरें, दुपटें आणि पायमोजे हातानें करून देण्याची रीत आहे ती याच भावनेची. नाताळचा मोजा हा त्या बाळंतविड्याचाच दूरचा भाऊबंद समजावा.

येथपर्यंत सर्व गोड आहे. आतां आक्षेपांकडे वळूं.

पहिला आक्षेप सत्याचा. मोजा आईनें शिवला, बापानें भरला, आणि मुलाला सांगितलें कीं रात्रीं सांताक्लॉज येऊन गेला. हें असत्य नव्हे काय? जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९७ सालीं एक निबंध लिहून असें प्रतिपादिलें कीं, परोपकाराच्या हेतूनेंही असत्य बोलण्याचा हक्क माणसाला नाहीं. मारेकरी दाराशीं येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारूं लागला तरीही नाहीं. या कसोटीवर सांताक्लॉज एक क्षणभर टिकणार नाहीं. उलट, १८९७ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्रानें एका आठ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नाला अग्रलेखांतून उत्तर देऊन, सांताक्लॉज आहेच, अशी ग्वाही दिली. कारण प्रेम आणि औदार्य जगांत आहेत त्या अर्थानें तोही आहे. तें उत्तर अतिशय लोकप्रिय झालें. परंतु त्या मुलीनें काव्याचा अर्थ विचारला नव्हता. तिनें सरळ प्रश्न विचारला होता, आणि सरळ प्रश्नाला काव्यानें उत्तर देणें ही पळवाट आहे, असें म्हणणाऱ्याचें तोंड सहजासहजीं बंद करतां येणार नाहीं.

आमच्या मतें या वादाचा निकाल कांटही लावीत नाहीं आणि तो अग्रलेखही लावीत नाहीं. असत्याचें पाप दोन गोष्टींत असतें: ऐकणाऱ्यापासून कांहीं हिरावून घेण्यांत, आणि त्यानें खुलासा मागितला असतांही तो न देण्यांत. भाऊ नसलेली मुलगी भाऊबीजेला चंद्राला ओंवाळते. तिला कोणी खोटारडी म्हणत नाहीं, किंवा चंद्र तुझा भाऊ आहे असें सांगणाऱ्या आजीलाही म्हणत नाहीं. कारण तेथें दोघींनाही तें खेळ म्हणून आणि खेळाहून कांहीं अधिक म्हणून ठाऊक असतें. मोज्याचा खेळही जोंपर्यंत मूल खेळत आहे तोंपर्यंत खेळच आहे. परंतु ज्या दिवशीं तें खेळ थांबवून, डोळ्यांत डोळे घालून ‘खरें सांग’ म्हणेल, त्या दिवशीं खरेंच सांगितलें पाहिजे. त्या क्षणानंतर चालविलेला सांताक्लॉज हा गुप्तदाता नव्हे; तो लबाड होय. एकंदर कसोटी ही कीं, गुपित उघडें झाल्यावर ज्याच्यापासून तें लपविलें होतें त्यानें आपले आभार मानावे. फसविला गेलेला माणूस आभार मानीत नाहीं. गुप्तदान मिळालेला मानतो.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो सहसा कोणी घेत नाहीं. शहाण्या मुलांना सांताक्लॉज देतो, द्वाड मुलांना देत नाहीं, असें आपण सांगतों. ठीक. आतां एकाच गल्लींतल्या दोन मुलांची कल्पना करा. बंगल्यांतल्या मुलाला सकाळीं सायकल मिळते. समोरच्या चाळींतल्या मुलाला दोन पेरू आणि एक पेन्सिल. दोघेही एकाच शाळेंत जातात. दोघांनीही आदल्या दिवशीं लाल टोपी घालून एकच गाणें म्हटलें आहे. चाळींतल्या मुलानें यावरून काय समजावें? आपला बाप गरीब आहे हें सत्य त्याला सोसतें. मुलांना तें फार लवकर कळतें आणि बहुधा तें तीं शहाणपणानें सोसतात. परंतु देणारा बाप नव्हे, सर्व मुलांकडे सारख्या नजरेनें पाहणारा एक संत आहे, आणि त्यानेंच मला कमी दिलें, हें मात्र सोसणारें नाहीं. तेथें गरिबी हा प्रसंग राहत नाहीं, ती शिक्षा होते. जगांतली विषमता माणसांनीं केलेली आहे. तिच्यावर स्वर्गाचा शिक्का मारून ती मुलांच्या हातीं देणें हा या गोड खेळांतला खरोखरीचा अपराध आहे. पूर्वजन्मींचें फळ म्हणून दुसऱ्याच्या दारिद्र्याकडे शांतपणें पाहण्याची संवय ज्या समाजाला शेंकडों वर्षें लागलेली आहे, त्यानें तरी ही नवी आवृत्ति उचलण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.

यावर उपाय काय? खेळ टाकून देणें हा नव्हे. उपाय मोज्यांतच आहे. मोज्याला माप असतें, आणि तें माप पाळणें हाच उपाय. पायमोजा ही मुळीं लहान वस्तु. तिच्यांत सायकल मावत नाहीं. जें मोज्यांत मावेल तेवढेंच संताच्या नांवावर घालावें. आणि जें मोठें द्यावयाचें असेल तें आई-बापांनीं आपल्या नांवानें, दिवसाढवळ्या द्यावें. म्हणजे मुलाला कळेल कीं मोठ्या वस्तु ऐपतीवर अवलंबून असतात, आणि ऐपत ही माणसामाणसांत निराळी असते. परंतु संत्रें, बेदाणे, भोवरा ही बंगल्यांत आणि चाळींत जवळजवळ सारखींच असूं शकतात. तसेंच शहाण्या आणि द्वाड मुलांचा तो हिशेबही सोडून द्यावा. चांगल्या वागणुकीच्या मोबदल्यांत जें मिळतें तें वेतन, दान नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे तीन प्रकार केले आहेत. त्यांत परतफेडीची अपेक्षा न ठेवतां दिलेलें तें सात्त्विक, आणि मोबदल्याच्या आशेनें दिलेलें तें राजस. मुलाच्या शिस्तीची आशा ही सुद्धां आशाच आहे. वर्षभर द्वाडपणा केलेल्या मुलाचाही मोजा भरलेला निघाला, तर त्याला जें शिकायला मिळेल तें छडीनें शिकवितां येणार नाहीं.

तिसरा आक्षेप हेतूचा. आणि तो आपल्या प्रांतांत जुना आहे. मिशनच्या शाळांतून मुलांना नाताळची बक्षिसें मिळूं लागलीं तेव्हां, हें दान कीं आमिष, असा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला गेला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनावरून १८९३ सालीं पुण्यांत जें वादळ उठलें त्याच्या मुळाशींही हाच संशय होता. आश्रय निरपेक्ष आहे कीं त्यापाठीमागें धर्मांतराचा हेतु आहे, हा. त्या वादांत कोणाचें किती खरें होतें याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. एवढेंच म्हणावयाचें कीं, त्या संशयाला घाबरून शरणपूरच्या मुलांना कोणी दारांतच उभें केलें नाहीं हें चांगलें झालें. आणि ज्यांनीं संशय घेतला त्यांचा प्रश्नही अयोग्य नव्हता. दाता लपणें आणि हेतु लपणें या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दाता लपला म्हणजे घेणारा मोकळा होतो. हेतु लपला म्हणजे तो बांधला जातो. आणि हा धोका मिशनऱ्यांपुरताच आहे असें समजूं नये. आज मुलाला भेट देणारा व्यापारी त्याला उद्यांचें गिऱ्हाईक करूं पाहतो, पुढारी त्याच्या बापाचें मत पाहतो, आणि आपण आई-बापही कधीं कधीं म्हातारपणाची तरतूद पाहतों.

फ्रेंच विद्वान मार्सेल मोस यानें १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या दानावरील आपल्या निबंधांत असें दाखविलें कीं, जगांतल्या पुष्कळ समाजांत देणगी ही कधींच फुकट नसते. तिच्यांत देणाऱ्याचा कांहीं अंश वसत असतो आणि तो परतफेड मागतो. आपल्या महाभारतांतल्या दानधर्माचाही त्यानें तेथें विचार केला आहे. लग्नांतल्या आहेराची वही ज्यानें पाहिली आहे त्याला मोसचा सिद्धांत मुळांतून वाचण्याची जरूर नाहीं. कोणी किती घातले आणि आपण त्यांच्याकडे किती घालायचे, हें आपल्या घरांतल्या स्त्रियांना तोंडपाठ असतें. मोज्याची गंमत अशी कीं, त्यांत ही वही उघडतांच येत नाहीं. देणारा ठाऊक नाहीं, तेव्हां परत करणार कोणाला? मुलाच्या मनांत जी कृतज्ञता उठते तिला टेकायला एकही माणूस नसतो. म्हणून ती सगळ्या जगावर पसरते. हें जग आपल्याला कांहीं देणें लागत नसतांही देतें, ही जाणीव ज्याला लहानपणीं एकदां झाली तो पुढें कितीही ठेंचाळला तरी पुरता कडू होत नाहीं.

परंतु येथेंच शेवटचा आणि सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. तो मोजा शिवला कोणी? रात्रीं सगळे निजल्यावर दिव्याच्या उजेडांत टांचेचें वळण कोणी घेतलें? बहुतेक घरांत याचें उत्तर एकच आहे. आणि तें उत्तर देणाऱ्या बाईचे आभार सकाळीं त्या लाल डगल्याच्या म्हाताऱ्याला जातात. निकोलसचें नांव लपलें, कारण त्यानें तें लपविलें. बिशपाला प्रगट होण्याची मुभा होती. त्यानें ती नाकारली, म्हणून तें गुप्तदान. आईचें नांव मात्र वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस लपलेलेंच असतें. पोळी गरम आली, सदऱ्याचें बटण जागेवर आलें, डबा भरून ठेवलेला आढळला. कोण करतें याचा विचार घरांत कोणी करीत नाहीं. ज्याचें काम कोणी पाहतच नाहीं त्याच्या न दिसण्याला गुप्तदानाचें पुण्य लावणें म्हणजे आपल्या बेपर्वाईला धर्माचें नांव देणें होय. गुप्तता हा सद्गुण आहे, पण ज्याला दिसतां येत होतें त्याच्याच ठिकाणीं.

आणि तसें पाहिलें तर दात्याची गुप्तता ही सर्वांत वरची पायरीही नव्हे. बाराव्या शतकांतील ज्यू पंडित मायमॉनिडीस यानें दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. देणारा-घेणारा एकमेकांस ठाऊक नसणें ही त्यांतली वरून दुसरी. तिच्याही वर त्यानें जी ठेवली ती अशी: घेणाऱ्याला असा हात द्यावा, कीं त्याला पुन्हां घेण्याची गरजच पडूं नये. घेणाऱ्याला आपल्या पायांवर उभें करणें हें शेवटचें दान.

मोज्याच्या खेळालाही ही शेवटची पायरी आहे, आणि ती चढल्यावांचून तो पुरा होत नाहीं. मूल केव्हां तरी खरें ओळखतें. आपल्याकडे त्या दिवसाला दुःखाचा मानण्याची एक हळवी पद्धत पडली आहे; स्वप्न भंगलें, बालपण सरलें, असे उसासे टाकले जातात. आमच्या मतें तो दिवस दुःखाचा नसून बढतीचा आहे. त्या दिवशीं मुलाला सांगावें, ‘होय, मीच शिवला, आणि आतां तुला ठाऊक झालें, म्हणून या वर्षापासून तूंही आमच्यांतला.’ धाकट्या भावंडाचा मोजा भरायला त्याला बसवावें. सुई ओंवायला शिकवावें, मुलगा असला तरीही. टांच वळवितांना टांके कसे मोजतात तें दाखवावें. शेजारच्या ज्या घरांत या वर्षीं कोणी मोजा टांगणार नाहीं तेथें दाराच्या कडीला एक अडकवून, कोणाला कळूं न देतां परत येण्याचा थरार त्याला एकदां घेऊं द्यावा. घेण्याचा आनंद त्यानें पुष्कळ वर्षें घेतला. न दिसतां देण्याचा आनंद त्याहून किती तीव्र असतो हें त्याला त्या रात्रीं कळेल. मग त्याला सांताक्लॉज हरवला असें वाटणार नाहीं. तो घरांतच सांपडला असें वाटेल.

आणि जाणत्या मुलानें करावयाचें आणखी एक काम आहे. घरांत किती मोजे टांगले आहेत हें त्यानें मोजून पाहावें. मुलांचे असतात, क्वचित् वडिलांचाही असतो. आईचा बहुधा नसतो, कारण मोजे करणारी तीच आणि स्वतःसाठीं करायचें तिला सुचत नाहीं. तो एक मोजा कमी आहे. टांके वांकडे आले तरी चालतील, टांच बसली नाहीं तरी चालेल. एक संत्रें, मूठभर बेदाणे, आणि तिला आवडणारी एखादी लहानशी वस्तु. ती कोणती हें मुलाला ठाऊक नसेल तर तें शोधून काढण्यापासूनच त्याचें शिक्षण सुरू होईल. तो मोजा कोणी भरला हें तिला क्षणांत कळेल. कळूं द्यावें. मुलाला मिळालेलें दान गुप्त असावें. आईला मिळालेलें उघड असावें. तिला आजवर गुप्ततेची कमतरता कधींच पडलेली नाहीं.